लेपाखालचा थर

प्रिय दादा,

(प्रिय हे सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद खराब होईल.)

खरवडणी तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा लेपाचा पोपडा सुटून टेबलावर पडला. मोठ्या दुकानाकडून परत आलेला, तंबाखू ओढायचा पाइप. सोबत चिठ्ठी होती : आतला लेप सुटतो आहे, पुन्हा लावून पाठवा, घाई आहे. मी खिडकीकडे वळून तंबाखू भरायच्या वाटीत पाहिलं. पोपड्याखाली कोरं लाकूड दिसायला हवं होतं, विटकरी, रेघारेघांचं. तिथे काळं होतं. कोळशाचा कडक, चकचकीत, कागदाएवढा थर. आधी वाटलं, गिऱ्हाइकाने ओढला असेल. मग हात थांबला. गिऱ्हाइकाच्या तंबाखूचा थर लेपाच्या वर बसतो. हा खाली होता. म्हणजे पाइप आधी कोणीतरी ओढला, मग त्यावर लेप चढवला, आणि मग तो कोरा म्हणून विकला. दांड्यावरचा आकडा पाहिला. याच वर्षीचा, तुझ्या हातचा.

कोणी ओढला हे विचारायची गरज पडली नाही. वाटीची कड जराही करपलेली नव्हती आणि थर तळापर्यंत सारखा होता. तळापर्यंत सारखा जाळणारा माणूस आपल्या कारखान्यात एकच होता, बाबा. होता, असं मी तीन वर्षं समजत आले. त्याच दुकानाचा नवा खोका बांधून दारापाशी ठेवला होता. मी दोरी कापली आणि एकेका पाइपात सुई घालून लेपाला चीर दिली. बाराच्या बारा काळे. ते आता विकता येणार नाहीत. तू आधी तेच विचारशील म्हणून आधी तेच सांगितलं.

लहानपणी मला वाटायचं, बाबांना पगार बसून राहण्याचा मिळतो. लेथवरचे सगळे त्यांना सुईणबाई म्हणायचे, कारण प्रत्येक पाइप पहिलटकरणीसारखा त्यांच्याकडे जायचा. बाबा हसायचे. म्हणायचे, हो बाबांनो, पण बाळंतपण मलाच सोसावं लागतं. तुला त्यांचं काम पाठ आहे, तरी लिहिते, कारण तू ते विसरल्यासारखा वागला आहेस. पहिल्या दिवशी तंबाखू वाटीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. सावकाश, विझत आला तरी घाई न करता. मग राख झटकून एक दिवस आराम, पाइपला. त्यांना नाही, त्यांच्या हातात तोवर दुसरा असायचा. मग अर्धी वाटी, मग पूर्ण. आतून काळी साय धरली की पाइप मुरला, तो आता जळणार नाही. ज्या गिऱ्हाइकांना एवढा धीर नसे ते मुरलेला पाइप मागत आणि त्याचे जास्त पैसे देत. लोकांची घाई बाबा स्वतःच्या जिभेवर सोसत होते, चाळीस वर्षं.

जिभेच्या कडेला तो पांढरा डाग आला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते आपण तिघांनी एकत्र ऐकलं. आज थांबलात तर बहुतेक हाही इथेच थांबेल. बाबा म्हणाले, मी थांबतो, पण पाइप कसे थांबतील? तू खिडकीबाहेर बघत होतास. लेप मी त्यासाठी शोधला, दादा. हौस म्हणून नाही. आधी बाजारात मिळणारी तयार पूड वापरून पाहिली, धुराला खडूची चव यायची. मग मध, तो करपायचा. शेवटी कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि आंबट ताक. चौदा पाइप वाया घालवले, प्रत्येकाचा लेप सुकल्यावर जीभ लावून पाहिला. लाकडाला पहिल्याच दिवशी एक काळं अस्तर मिळालं, मुरवायला माणूस नको. बाबा म्हणाले, तोंडाला पावडर फासलेली बाई आणि हा पाइप सारखेच, दोघांनाही विचारावंसं वाटतं, काय लपवतेस? मला राग आला होता. पण तेव्हा तू जेवणाच्या टेबलावर त्यांच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, आजपासून यांनी पाइपला हात लावला तर माझा हात तोडा. तुझे शब्द आहेत. मी फक्त आठवण करून देते आहे.

पुढच्या वर्षी म्हणालास, मोठ्या दुकानाचे पाइप मी स्वतः लेपतो, तुझ्या हातांना विश्रांती. मी आईला सांगितलं, बघ, दादाला किती काळजी. आई असती तर तिने तिथेच तुझा कान धरला असता. तिच्या फोटोला सांगितलं, म्हणून फसलं.

दुपारी कारखान्याच्या माळ्यावर गेले. तुझ्या तिथल्या खोलीची किल्ली घड्याळामागे सापडली. तू आठ दिवस दुकानं फिरायला गेला आहेस, अडवणार कोण होतं? खिडकीशी खुर्ची. खुर्चीवर हिरवी उशी. तीच, जी मी वर्षभर घरात शोधत होते आणि बाबा म्हणत होते, फाटली गं, टाकून दिली. राखेचा पत्र्याचा डबा, अर्धा भरलेला. डब्यावर बशी उपडी घातलेली, वास येऊ नये म्हणून. आणि खणात बाबांची नळी. काळी, तोंडात धरायची, डाव्या बाजूला त्यांच्या सुळ्याने पडलेला खळगा असलेली. तीच नळी प्रत्येक नव्या वाटीला जोडायची, ओढायचं, काढून घ्यायची, आणि मग गिऱ्हाइकासाठी कोरी नळी बसवायची. किती स्वच्छ काम केलंस. गिऱ्हाइकाच्या ओठाला बाबांची थुंकी लागू नये म्हणून एवढी काळजी.

मी खुर्चीवर बसले आणि मला सगळं एकामागून एक आठवत गेलं. रोज चारला बाबा फिरायला जायचे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, चाला. दोन वर्षांत चपलांचे तळ झिजले नाहीत आणि मी शेजारणीला सांगत होते, चप्पल काय छान निघाली! कोटाला वास यायचा, मी तो चाळीस वर्षांचा मुरलेला वास समजले आणि दोनदा धुतला. तिखट लागतं म्हणून त्यांनी तिखट सोडलं, मी फिकं करायला लागले. मग गरम सोडलं, मी सगळं गार करून वाढायला लागले. मला वाटलं, वय. माझ्यासारखी मूर्ख शोधून सापडणार नाही, आणि तुम्ही दोघांनी शोधलीच नाही, घरातच होती.

नळी खिशात घालून घरी आले आणि जेवताना बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी पाहिलं. मला वाटलं, दचकतील. ते म्हणाले, बरी आणलीस, दादा गेल्यापासून माळ्याची किल्लीच सापडत नव्हती. मी ओरडले. किती ओरडले ते शेजारीण सांगेल. ते ऐकत राहिले, भात चिवडत. मग म्हणाले, तुझा लेप चांगला आहे गं, पण लेपाला काय कळतं? लाकूड आतून कुठे पोकळ आहे, ते जिभेला कळतं, तिसऱ्या झुरक्याला. मग त्यांच्या तोंडून मला ते समजलं जे तू मला कधीच सांगितलं नाहीस. पहिल्या वर्षी माझ्या लेपाचे तीन पाइप गिऱ्हाइकांच्या हातात आरपार जळले. लाकडात आत खड्डे होते आणि माझ्या लेपाने ते झाकले. दुकानदाराने तुला बोलावून ऐकवलं. तू मला सांगितलं नाहीस. बाबांना सांगितलंस. आणि बाबा म्हणाले, मी तपासून देतो, वर तिचा तो लेप मार, पोरीला कळू देऊ नको, तिने फार जीव लावून केला आहे.

दादा, मला नीट समजून घेऊ दे. मी वाईट वाटून घेईन म्हणून? एवढंच? मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, तुझ्याशी अबोला धरला असता. मग तिसऱ्या दिवशी लेप बंद केला असता, नाहीतर लाकूड पारखायला शिकले असते, नाहीतर मोठ्या दुकानाला सांगितलं असतं, घ्यायचे तर घ्या. माझं मन राखायला तू बाबांची जीभ वापरलीस. मी त्यांना म्हटलं, त्याने तुम्हाला बसवलं. ते म्हणाले, दादाला बोलू नकोस, मीच मागत होतो, घरात बसून माझं फर्निचर झालं होतं. मागत होते! मागेल ते हातात द्यायचं? तुझा धाकटा मुलगा चार वर्षांचा असताना ब्लेड मागत होता, तेव्हा तू दिलंस का?

आणि तू त्यांच्यासाठी खिडकीशी खुर्ची मांडलीस, उजेड बघून. उशी नेलीस. बशी झाकलीस. तुझं प्रेम होतं हे मला दिसतं आहे, आणि त्यामुळेच मला तुझा जास्त राग येतो. तू नुसता लोभी असतास तर हे पत्र चार ओळींचं झालं असतं. फोन करणार होते. पण फोनवर तू बाबांची नक्कल करशील, मी हसेन, आणि हसले की संपलं, मी गप्प बसेन. आजवर प्रत्येक वेळी तसंच झालं आहे. कागदावर तुला मला हसवता येत नाही.

आता का लिहिलं ते. दर तीन महिन्यांनी मी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे जाते. दर वेळी ते विचारतात, बंद आहे ना? बाबा माझ्याकडे बघतात आणि मी अभिमानाने सांगते, पूर्ण बंद, तीन वर्षं. गेल्या दोन खेपांना डाग वाढला होता. डॉक्टर गोंधळले. बंद आहे तर वाढतो का? दात जिभेला घासत असतील म्हणून दात कानसले, व्हिटॅमिनं दिली, अजून तीन महिने पाहू म्हणाले. ते सहा महिने माझ्या तोंडून गेले, दादा, माझ्या खात्रीच्या आवाजातून. मागच्या आठवड्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट काल आला. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. चांगला नाही. उद्या सकाळी दहाला डॉक्टर ठरवणार आहेत, किती कापायचं आणि कधी. ते पुन्हा विचारतील. बाबांनी आज हात जोडून सांगितलं आहे, दादाचं नाव काढू नकोस, डॉक्टर म्हणतील, मुलानेच बसवलं. मी नाव काढणार आहे. तुझं, माझं, लेपाचं, सगळं. तू परत येशील तेव्हा लोक तुला सांगतील, बहिणीने घरचं बाहेर काढलं. त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

तुझीच (आणि दुसरी कोण आहे तुला),
धाकटी

ता. क. दुसऱ्या दिवशी दुपारी. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून इथेच लिहिते. डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, बंद नव्हतं, एकशे बारा झाले. डॉक्टरांनी विचारलं, एकशे बारा काय? बाबा म्हणाले, पाइप, आणि त्यातला एकही जळून परत आला नाही. मग माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला. सोमवारी सकाळी सातला दाखल करायचं आहे.