अब्बाचा अकीक आणि मशीनचा पट्टा

यवतमाळ, मे १९६२

प्रिय पंजाबराव यास गफ्फारचा सलाम अन् नमस्कार, जो आधी पोचेल तो घे. (एकाच मराठी शाळेत आपण दोघांनी छड्या खाल्ल्या, म्हणून मराठीतच लिहून राह्यलो.) वहिनी बरी असेल, लेकरं बरी असतील, नागपुरात तुझं मोटारीच्या सामानाचं दुकान चालत असेल असं धरून चालतो. कारण इथं बरं म्हणून सांगण्यासारखं काही नाही. अब्बाचं दिल कमजोर झालं. डॉक्टर आता औषध लिहीत नाही, नुसती पाठ थोपटतो, अन् तीबी माही.

अब्बा तुले माहीतच आहे. जन्मभर टांगा हाकला, आता खाटेवरून आमाले हाकून राह्यले. घोड्याले पाणी पाजताना वर्धा नदीत त्याईले एक लालसर गोटा सापडला होता. तो उशाखालून काढला अन् म्हणाले, हा अकीक आहे. याले पालिश कर, अंगठीत बसव, सुग्राबीच्या बोटात घालीन, मंगच डोये मिटीन. (सुग्राबी म्हणजे माही बायको, जिच्या हातचा चहा त्याईले लग्नापासून पसंत नाही.)

मी गॅरेजवाला माणूस, हातानं कोण घासत बसते? कापसाच्या जिनिंगच्या भंगारातून मोटर आणली, तेलाच्या डब्याले आतून टायरच्या ट्यूबचं अस्तर लावलं, डबा आडवा करून पट्ट्यानं मोटरले जोडला. आत अब्बाचा गोटा, त्याच्या सोबतीले सडकेची गिट्टी, पाणी अन् वाल्व घासायची पावडर. सुरू केलं तर घर थरथरलं. फळीवरची भांडी खाली आली, कोंबडी अंड्यांवरून उठली ते परत बसलीच नाही, अन् शेजारची रुखमाबाई विचाराले आली का गफ्फारभाऊ, गिरणी टाकली का, ज्वारी आणू? (आणलीबी.) सुग्राबी म्हणे, या घरात एक तर हे मशीन राहीन नाही तर मी. अब्बा खाटेवरून ओरडले, मशीन!

पण म्हाताऱ्यात जीव आला रे. सकाळी उठले का पहिला सवाल, झाला का? मी म्हणतो, नाही अब्बा, लई कडक आहे. त्याईले तेच पाह्यजे असते. असल माल टाइम घेते, म्हणतात, अन् मुकाट पेज पितात.

मंग बारीक पावडर टाकासाठी मी डबा उघडला. गिट्टी अशी चमकून राह्यली होती का नवरीच्या कानात घालावी. अब्बाचा गोटा काही दिसेना. हात घालून पाह्यलं तर नुसता लाल चिखल. कायचा अकीक अन् कायचं काय! कच्चा दगड होता, गिट्टीनं खाऊन टाकला. पंजाब्या, मी तिथंच बसलो अन् रडलो. सुग्राबीनं पाह्यलं. चिखल तिनंच नालीत ओतला, गिट्टीवर नवं पाणी टाकलं, झाकण कसलं अन् म्हणाली, सुरू करा. तेव्हापासून आमी नुसती गिट्टी फिरवून राह्यलो. मशीनखाली पोतं आता तीच टाकते.

तर अर्ज इतकाच का नागपुरात कोण्या जवाहिऱ्याकडून सुपारीएवढा लाल अकीक घेऊन पाठव. अंगठी करतो, म्हाताऱ्याचं मन भरू दे. वहिनीले सलाम, लेकराईले दुआ.

तुझा,
गिट्टीचा जवाहिऱ्या
गफ्फार

ता. क. – पत्र सुग्राबीले वाचून दाखवलं तर मले बेअक्कल म्हणाली. अंगठी झाली तर मंग अब्बा कायच्यासाठी थांबतीन? तवा अकीक पाठवू नको, पाठवशीन तर तुही दोस्ती संपली. मशीनचा पट्टा मात्र पाठव. जुना झिजून तुटला. काल मशीन बंद पडलं तर अब्बा घाबरून उठून बसले, पेजबी घेतली नाही. ट्यूबची पट्टी बांधून चालवून राह्यलो, पण ती घसरते. मजबूत पाहून पाठव, भाऊ.

ता. क. आणखी एक – लिफाफा बंद करत होतो तर अब्बानं विचारलं, कोणाले लिहून राह्यला? म्हटलं, पंजाबले, पट्ट्यासाठी. थोडा वेळ मशीनचा आवाज ऐकत पडून राह्यले. मंग म्हणाले, एक नको, दोन मांग.