कंसाबाहेरचं वर्ष

६ नोव्हेंबर २५६६

दिवसभर वजाबाक्या तपासल्या. नव्या संगणकाला बुद्धवर्षाबरोबर इसवी सनही हवा, म्हणून कंपनीच्या लोकांनी ग्रंथालयाच्या सगळ्या नोंदींतून सरसकट ५४३ वजा करून टाकले. सोपं काम! पण २४८३ सालापर्यंत आपलं वर्ष आतासारखं जानेवारीत नाही, एप्रिलात सुरू व्हायचं. तेव्हाच्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये निघालेल्या पुस्तकाला ५४३ वजा केले की सन एकाने चुकतो. यंत्राला हे कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही.

ही जुनी पुस्तकं बहुतेक कुणाच्या तरी दहनाच्या दिवशी, आलेल्या लोकांना वाटलेली. सुरुवातीला गेलेल्या माणसाचं चरित्र, मग त्याच्या आवडीचं काहीतरी — सूत्रं, औषधं, माशाच्या कालवणाच्या कृती. कागद भुसभुशीत झालाय, पण दहनाचा दिवस ठळक छापलेला असतो. एवढी प्रामाणिक पुस्तकं दुसरी नाहीत. नवी त्याच्या उलट. आज एक आलं, आत हक्क २५६० सालचा, मलपृष्ठावर प्रकाशन २५६३. आमच्या ग्रंथपाल निपा मॅडम माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, “मोठं वर्ष घे आणि मोकळी हो. लोक पुस्तक शोधत येतात, पुई, वर्ष नाही.”

दोन्ही वर्षं लिहिली. लेखकाने ‘हे माझं’ म्हटलं ते एक वर्ष, पुस्तक लोकांच्या हातात पडलं ते दुसरं. दोन्ही एक कशी असतील?

मान दुखतेय.

९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी मला आणि तिमताईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. बाबांना नवं वर्ष दिसेल असं वाटत नाही, म्हणाले. आत बाबा सदऱ्याची बटणं लावत होते. दार नीट लागलेलंही नव्हतं.

ताईने तिथेच डॉक्टरांना हात जोडून सांगितलं की त्यांच्या कानावर काही जाता कामा नये. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला असं सांगत नाहीत. डॉक्टरांनाही ठाऊक होतं, ते बरं म्हणाले. मग ताई माझ्याकडे वळली. “आणि तू तोंड मिटून राहा. तुला कोणी विचारलं की तू खरं सांगून मोकळी होतेस.”

बाबांना सांगितलं, यकृताला सूज आहे. त्यांनी एवढंच विचारलं, की मोकेंग खाल्लेली चालेल का. ताईच्या दुकानातली मोकेंग — अंडी, नारळाचं दूध, ताडगूळ. डॉक्टर म्हणाले, काहीही खा.

‘काहीही खा’ ऐकून बाबा क्षणभर थांबले. की मला तसं वाटलं?

१३ नोव्हेंबर

बाबांचं पुस्तक तपासायला घेतलं. स्वतःच्या दहनाचं पुस्तक ते गेली कित्येक वर्षं स्वतःच तयार करताहेत, साऱ्या पेचबुरी गावाला माहीत आहे. जुने विद्यार्थी बाजारात भेटले की विचारतात, “गुरुजी, आमचा नंबर आधी लागणार बहुतेक. कधी संपवताय?” आत ताडावर चढणाऱ्यांच्या म्हणी आहेत आणि गूळ आटवायच्या रीती. आजोबा ताडावर चढायचे. बाबा शाळेत गणित शिकवायचे, पण रविवारी सायकल काढून या म्हणी गोळा करत हिंडायचे.

पहिल्याच पानावर अडकले. ‘जन्म ११ फेब्रुवारी २४८२.’ दिवसभर तेच केलेलं, त्यामुळे हाताने आपोआप सन मांडला — १९४०. एकोणचाळीस नव्हे! म्हणजे बाबा अजून त्र्याऐंशीचेच आहेत. आणि आम्ही या फेब्रुवारीत त्यांचा चौऱ्याऐंशीचा सोहळा केला. बारा-बारा वर्षांचे सात फेरे पुरे झाले म्हणून भन्तेंना बोलावलं, गल्लीला जेवण दिलं. सगळं एक वर्ष आधी. घरात ग्रंथालयाची तालिकाकार असून!

सांगू की नको, असं झालं. सांगितलं. खोकला लागेपर्यंत हसले. “म्हणजे अख्खी गल्ली फुकट जेवून गेली.” मग चष्मा पुसत म्हणाले, “माझ्या वयातून एक वर्ष काढलंस. ठेवलंस कुठं? परत दे.”

मी हसले. हसले असेन. माझा चेहरा मला दिसत नव्हता.

१७ नोव्हेंबर

छापखान्याचा सांगुआन मुद्रितं घेऊन आला. तो बाबांचा विद्यार्थी, पन्नाशीचा झाला तरी त्यांच्यापुढे खाली चटईवरच बसतो. मुखपृष्ठ झालं, फोटो झाला. मग आतल्या पानाच्या मागची बाजू — हक्काचं वर्ष, प्रकाशनाचं वर्ष.

बाबांनी हक्काचं वर्ष लगेच सांगितलं. लिहून यंदा संपलं, म्हणून २५६६. ते आपल्या हातात आहे. निघायचं वर्ष आपल्या हातात नाही. सांगुआन छताकडे बघायला लागला. एरवी या पुस्तकांत वर्ष शेवटी पडतं, माणूस गेल्यावर. पण डिसेंबरात त्याची यंत्रं कॅलेंडरांनी अडतात, छापायचं तर आत्ताच, असं तो चटईला सांगत होता.

“पुईला विचार,” बाबा म्हणाले. “आयुष्यभर हेच करते ती.”

बघून सांगते, मी म्हणाले.

बाबांना माझं काम बरोबर कळतं. पुस्तकावर वर्ष नसेल तर मी अंदाजाचं वर्ष चौकटी कंसात घालते, पुढे प्रश्नचिन्ह. घरात त्याची जुनी थट्टा आहे. संध्याकाळी किती वाजता येशील विचारलं आणि मी ‘सहा... बहुधा’ म्हटलं, की बाबा आत ओरडून सांगणार, “तिम, कंसात सहा, पुढं प्रश्नचिन्ह. भात उशिरा लाव.”

१८ नोव्हेंबर

‘बघून सांगते.’ काय बघणार आहे मी?

२० नोव्हेंबर

दुकानात गर्दी होती. ताई मोकेंगच्या वड्या पाडत होती, मी पलीकडून पुड्या बांधत होते. असंच भांडण झालं, गिऱ्हाइकांच्या मधून, हळू आवाजात. तिचं म्हणणं, २५६७ सांग आणि विषय संपव. मी म्हटलं, आणि तसं झालं नाही तर? ताईने सुरी थांबवली. “तर टाक तुझ्या कंसात. बापापेक्षा कंस मोठा आहे का गं?”

नाही. पण बाबा वर्ष विचारतच नाहीयेत. डॉक्टर काय म्हणाले ते विचारताहेत. २५६६ म्हटलं तर सगळं सांगितल्यासारखं. ‘कोरं ठेवा’ म्हटलं तरी तेच. फक्त २५६७ म्हटलं तर काही कळणार नाही, आणि ते मला खरं वाटत नाही. गणितं घालताना ते अशीच घालायचे. पळवाटा आधी बुजवून ठेवायच्या.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर, हातात पुरावा नसताना कंसाबाहेर एक आकडा लिहिला नाही. हा सद्गुण आहे असं समजत आले. आज वाटतं, नुसता भित्रेपणाही असेल. कंस घातला की आपण कधीच चुकत नाही.

२२ नोव्हेंबर

सांगितलं.

बाबा अंगणातल्या बाकावर कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते. पावलं सुजलीत. मी पाणी बदलायला वाकले तेव्हा विचारलं, “पुई, वर्ष?”

“२५६७.”

“कंस?”

“नाही.”

“प्रश्नचिन्ह?”

“नाही, बाबा.”

बाबांनी पाय पुन्हा पाण्यात सोडले. मग ‘बरं’ म्हणाले आणि सांगुआनला फोन लावायला सांगितला. मी आत जाऊन भाताचं घासलेलं पातेलं पुन्हा घासलं.

ताईला सांगितलं. तिने खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, “बघ, झालं की नाही.”

झालं.

२६ नोव्हेंबर

ग्रंथालयात शिल्लक काम होतं म्हणून रविवार असूनही गेले. परत आले तर बाबा घरात नाहीत! शेजाऱ्याच्या मोटारसायकलला जोडलेल्या गाडीत बसून एकटे विहारात गेले होते. आले ते पिवळेजर्द, दोघांनी धरून उतरवावं लागलं. ताईने मला धरून झापलं, जणू मीच पाठवलं.

विचारलं कशाला गेला होता, तर म्हणे कमळं वाहायला. एवढा वेळ? “थोरले भन्ते बोलत बसले.” थोरल्या भन्तेंना वर्षभरात चार वाक्यं बोलताना कोणी ऐकलेलं नाही. ताईसुद्धा हसली.

२७ नोव्हेंबर

नदीवर दिवे सोडायचा दिवस. बाबांसाठी घंगाळ्यात पाणी भरलं, त्यातच त्यांनी केळीच्या सोपाचा, दिवा लावलेला द्रोण सोडला. तो कडेला लागून बसला. त्यांनी बोटाने मध्ये ढकलला.

५ डिसेंबर

पितृदिनाची सुट्टी. सांगुआन स्वतः खोकी घेऊन आला. बाबांनी एक प्रत नाकाला लावली, शाईचा वास घेतला, मग आतलं पान उलटून अंगठा फिरवला. “हक्क २५६६. प्रकाशन २५६७. छान दिसतं.”

मग म्हणाले, उद्याच तुझ्या तालिकेत घालून टाक. मला बघायचंय कसं दिसतं.

मी म्हटलं, तसं येत नाही. छापून पलंगाखाली ठेवलं तर ते प्रकाशित नव्हे. लोकांच्या हातात पडलं की मग नोंद.

“नियम आहे?”

“नियम आहे.”

“चांगला आहे नियम.” प्रत उशाशी ठेवली. एकदा वाटलं होतं की घालावी नोंद, कोणाला कळणार. अशा वेळीसुद्धा नियम सांगत बसले. मी अशी का आहे?

१४ डिसेंबर

बाबा गेले. सकाळी. पेज अर्धी उरली.

१९ डिसेंबर

विहारात रोज संध्याकाळी पठण. पाहुण्यांना पाणी, पेज, पंखे. पाय उचलत नाहीत. सगळे तेच विचारतात, सगळ्यांना तेच सांगते.

ताईने दहनाला तीस तारीख धरली आहे. नव्या वर्षाची सुट्टी असते, बँकॉकचे सगळे घरी येतात, तिचं बरोबर आहे. म्हणजे पुस्तकं तीस तारखेला वाटली जाणार. २५६६ मध्ये. छापलंय २५६७. अशा पुस्तकाचाही नियम आहे. छापील वर्ष जसंच्या तसं लिहायचं आणि पुढे चौकटी कंसात ‘वस्तुतः २५६६’. माझं खोटं आणि त्याची दुरुस्ती, एकाच ओळीत, दोन्ही माझ्याच हातची. बाबांच्या नावाखाली, कायमची.

ताई म्हणाली, “दोन दिवसांनी काय बिघडतं? कोण बघायला जातंय?”

मी जातेय.

लोक शवपेटी शंभर-शंभर दिवस विहारात ठेवतात. दूरची माणसं यायची असतात, मुहूर्त नसतो. जीभ अगदी टोकावर आली होती — थांबू या का. नाही बोलले. एका आकड्यासाठी बापाला पेटीत ठेवायचं? की बापासाठी नव्हे, मी चुकीची ठरू नये म्हणून? गप्प बसले ते आदराने की लाजेने, तेही सांगता येत नाही.

२४ डिसेंबर

तीस तारीख पक्की करायला दोघी थोरल्या भन्तेंकडे गेलो. त्यांनी पान चघळत ऐकून घेतलं. “तीसला नाही. अकरा फेब्रुवारी.” कारण दिलं नाही. ताईने सुट्ट्यांचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं, मग पुन्हा सुट्ट्यांचं. ते ऐकत राहिले. थोरल्या भन्तेंशी वाद कोण घालणार? नमस्कार करून उठलो.

पायऱ्या उतरताना ताई मध्येच थांबली. “अकरा म्हणजे बाबांचा वाढदिवस गं.” तिथेच बसून रडली. आजवर रडली नव्हती.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि आत हायसं वाटत होतं. वर्ष बरोबर येईल म्हणून! लिहितानाही लाज वाटते. पण वाटलं ते वाटलं.

११ फेब्रुवारी २५६७

दहन झालं. ऊन फार होतं. कागदी फुलं वाहून झाली की लोक पायऱ्या उतरायचे आणि मी प्रत्येकाच्या हातात एक प्रत द्यायची. निपा मॅडमनी दोन घेतल्या. एक म्हातारा ताडवाला मंडपाच्या खांबाला टेकून स्वतःच्याच गावच्या म्हणी मोठ्याने वाचत होता, आणि एके ठिकाणी ‘हे मी सांगितलं होतं गुरुजींना’ म्हणून शेजाऱ्याला कोपराने ढोसत होता. शेजारी म्हणाला, तू नाही, तुझ्या बायकोने सांगितलं होतं.

ताई खोकी आवरताना म्हणाली, “चौऱ्याऐंशी पुरी झाली. या वेळी खरी.”

फार दमले आहे. नोंद उद्या.

१२ फेब्रुवारी

सकाळी अस्थी घ्यायला गेले. थोरले भन्ते आपणहून बोलले. बाबा कमळं घेऊन आले होते त्या दिवशी त्यांना म्हणाले होते, “धाकटी वर्ष सांगते तेव्हा आधी अडखळते. या वेळी अडखळली नाही, तेव्हाच मला कळलं. तिचं वर्ष खोटं पडू देऊ नका, भन्ते. नवं वर्ष लागेपर्यंत मला इथं ठेवून घ्या.”

दुपारी नोंद केली. प्रकाशन २५६७, हक्क २५६६. कंस नाहीत.