तिथे मला कुणी काही विचारलं नाही

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नोएडाच्या या घरात काम करता करता मी तुझ्याशी मनात बोलत असते. आज लिहिते आहे, कारण ही गोष्ट मनातही नीट बोलवत नाही.

ऑफिसने मला काही महिने इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात पाठवलं होतं. एका वयस्कर, विधवा बाईंच्या घरी खोली मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बॅग हट्टाने स्वतः आत नेली. आठवड्याभरात सगळं गाव मला ओळखायला लागलं. बेकरीवाला विचारायचा, थंडी सोसते का? पोस्टातली बाई विचारायची, लग्न का नाही केलंत? सगळं मायेनंच, पण माझा जीव गुदमरायचा. मला कऱ्हाड आठवायचं. बाबा गेल्यानंतरचं. हळदीकुंकवाच्या दिवशी काकू तुला म्हणाल्या होत्या, "तुम्ही आतच बसा हं, वहिनी." आणि तू मला मांडीवर घेऊन आत बसलीस.

मग दिल्लीत बाबांच्या जागी तुला नोकरी मिळाली आणि आपण कऱ्हाडहून परत तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो. तिथला एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: तू पोळ्या लाटते आहेस, वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी विरजण मागायला आल्या आहेत. तुझ्याकडे बघून म्हणतात, "बहनजी, ये क्या हाल बना रखा है?" आणि स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून तुला लावतात. "यहाँ कौन पूछता है!" तुझं लाटणं थांबलेलं. त्या गेल्यावरही तू टिकली काढली नाहीस. मला म्हणालीस, "आपण इथेच राहायचं, बरं का."

इंग्लंडमधल्या माझ्या घरमालकीण बाईंनी एका रविवारी माझ्यासाठी शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. "मांस न घालता सगळं करणार आहे," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि शनिवारी लंडनला गेले. तिथल्या बाजारात एक तमिळ बाई शेवग्याच्या शेंगा निवडत होती, दोन बंगाली माशावरून भांडत होते, आफ्रिकन बायका रंगीत कापडं अंगाला लावून बघत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे दीदी, साइड हो जाओ यार!" इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी कोण, कुठली, कुणाला पडलेलं नव्हतं. रविवारी परतायला हवं होतं, परतले नाही. फोनही केला नाही. "आईलाही असंच शहर आवडायचं," असं स्वतःला सांगत राहिले.

सोमवारी संध्याकाळी पोहोचले तर बाई फाटकात उभ्या. "तुम्हाला काही झालं की काय, असं वाटलं. आम्ही आळीपाळीने स्टेशनवर जाऊन आलो." आम्ही म्हणजे ते सगळे म्हातारे शेजारी. मी म्हटलं, "गाडी चुकली." त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलात का?" आणि माझ्यासाठी काढून ठेवलेलं जेवण गरम करायला आत गेल्या. समोर बसून त्या बघत होत्या आणि मी मान खाली घालून जेवत होते.

आई, तुझं नाव पुढे करून मी हे केलं. तुला कऱ्हाडने आत बसवलं होतं, म्हणून तू शहर धरलंस. मला तर ते गाव पंगतीत मधोमध बसवायला निघालं होतं. आणि दिल्लीत तू कुणापासून लपली नाहीस. जेवायला येतो म्हणून सांगून कुणी आलं नाही, तर कणकेच्या हाताने त्यांचं दार वाजवायला जायचीस. पंजाबी असोत, मद्रासी असोत, लखनौच्या खालाजान असोत. त्यांच्या घरातलं सगळं तुला ठाऊक असायचं. मला शहरातलं हे काही नको होतं. मला कुणी विचारू नये, एवढंच हवं होतं.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुला म्हणून सांगते, पुढच्या शनिवारी मी पुन्हा लंडनला गेले. या वेळी बाईंना सांगून. त्यांनी वाटेत खायला सँडविच बांधून दिलं. लाजेने नीट निरोपही घेता आला नाही, आणि तरी गाडी सुटली तेव्हा मला हायसं वाटलं.