‘खुशाली’चे अकरा श्रोते

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

‘खुशाली’ आजपासून पंधरा मिनिटांची! एक तास होता, त्याचा अर्धा केला, आता पाव. पुढच्या खेपेला बहुधा मी माइकसमोर नुसतं खोकून उठायचं.

मुझम्मिलभाईंनी हे सांगण्याआधी मला समोसा दिला. रेडिओ स्टेशनचे मॅनेजर, मूळचे हैदराबादचे. वाईट बातमी कोरड्या तोंडाने द्यायची नाही असा त्यांचा शिरस्ता. “क्या करना मैडम, नये मालिकां बोले.” नेपाळी कार्यक्रम गेला तेव्हा समोसा, तमिळ गेला तेव्हा समोसा. आज माझ्या बशीत आला तेव्हाच ओळखलं. खाल्ला तरी. गरम होता.

आणि स्टेशन तरी केवढं! इथे आखातात, माहूजमध्ये, कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या, एक म्हातारा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना खालच्याच दुकानातले अंड्यांचे ट्रे. बावीस वर्षं दर शुक्रवारी सकाळी दहाला मी त्या ट्रेंच्या मध्ये बसते. फुकट. ऐकणारे म्हणजे आपली कोकणातली माणसं — हिद्दच्या गोदीतली, जिदहफ्सच्या गॅरेजांतली, ट्रकवरची. ती फोन करून खुशाली सांगतात, मी ती सगळ्यांना सांगते. कुणाला मुलगी झाली, कुणाची आई घरी आली हॉस्पिटलमधून. एकदा मी विचारलं, अहो, हे सगळं व्हॉट्सॲपवर आधीच कळलेलं असतं ना? तर हिद्दचे दाजी म्हणाले, “कळतां ताई, पन तुम्ही बोललात की मग ती खरी.”

दाजी म्हणजे हिद्दच्या कामगार कॅम्पातले मेसचे आचारी, गुहागरकडचे. त्यांचा फोन पहिला. एका दमात अडतीस नावं! मी म्हणते, दाजी, श्वास घ्या.

शिस्त मीच लावली त्यांना. पहिल्या वर्षी काय तमाशा होता! फोनवर ओरडणं, रेडिओ फोनच्या शेजारी लावून शिट्ट्या उडवणं, एकाच कॅम्पातून तीसजण ओळीने फोन करणार, लाइन जाम! एका शुक्रवारी मी चक्क रागावले. रेडिओ लांब ठेवा, घास गिळून बोला, एका कॅम्पातून एकच फोन, बाकीच्यांची नावं त्यानेच सांगायची आणि शेवटी ‘समस्त मंडळी’ म्हणून थांबायचं. तेव्हापासून कशी सुतासारखी सरळ आहेत. माझ्या स्वतःच्या मुलीने माझं एवढं ऐकलेलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

नव्या मालकांनी पाठवलेली मुलगी भेटली. इक्रा. आमच्या स्पृहाच्याच वयाची, इथेच वाढलेली, गोड आहे. गोडपणानेच जास्त भीती वाटते. “नीला आंटी, आय लव्ह युअर व्हॉइस. बट डेटा नहीं है.”

म्हणजे कोणी ऐकतं याचा पुरावा नाही. म्हटलं, माझ्याकडे बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत, खोकाभर. ती हसली. चिठ्ठ्या डेटा नव्हेत. मालकांना स्टेशन मोबाइलवर न्यायचंय, ॲप. म्हटलं, बाई, गोदीत कामावर फोन जमा करून घेतात, शुक्रवारीही निम्म्यांची शिफ्ट असते. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर चालतो, म्हणून तर ऐकतात! “एक्झॅक्टली, आंटी! प्रूव्ह इट!”

शेवटी असं ठरलं: एक नंबर देणार. १९ तारखेला मी तो सांगायचा, ज्याला ‘खुशाली’ हवी त्याने आठवड्याभरात मिस्ड कॉल द्यायचा. दोनशे वेगवेगळे नंबर आले तर कार्यक्रम राहणार, आणि कार्यक्रम राहिला तर त्याच्यासाठी ट्रान्समीटरही राहणार. आता मराठीशिवाय मीडियम वेव्हवर उरलंय तरी कोण!

दोनशे! मी मनातल्या मनात हसले. एकट्या दाजींकडे अडतीस आहेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं. नंबर तीनदा सांगितला, सावकाश.

काकुळतीला आले नाही हं! बावीस वर्षांत कुणापुढे हात पसरला नाही, आता मिस्ड कॉलसाठी पसरू? ‘आपली खुशाली चालू राहावी असं वाटत असेल त्यांनी या नंबरावर मिस्ड कॉल द्यावा. गडबड नको, नेहमीच्या शिस्तीत.’ एवढंच. दोनशेचा आकडा सांगितला नाही. उगाच कोणी म्हणायला नको, ताई मतं मागतायत.

घरी आल्यावर शरच्चंद्र म्हणाले, “आवाज जरा परीक्षेच्या सुपरवायझरसारखा लागला होता.” नवरा इंजिनिअर, रिफायनरीत जन्म गेला, आवाजातलं काय कळतंय डोंबल!

२१ सप्टेंबर, रविवार

स्पृहाचा कॅनडाहून फोन. “आई, जस्ट मेक अ पॉडकास्ट, ना.” बरं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घरातून मिस्ड कॉल द्यायचा राहिला होता. फोन हातात घेतला तर शरच्चंद्र म्हणाले, मी दिला शुक्रवारीच. मग ठेवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

अकरा.

इक्राने कागद पुढे केला, मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. अकरा! त्यातला एक शरच्चंद्रांचा. म्हणजे खरं तर दहा. इक्रा बिचारी माझ्यापेक्षा जास्त ओशाळली. मशीन बिघडलं असेल म्हणाली, आणि माझ्यासमोर स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. लगेच बारा झाले. मशीन ठणठणीत!

समोसे आले. मी खाल्ला नाही.

बावीस वर्षं! स्पृहाला कांजिण्या आल्या होत्या तेव्हाही गेले. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातही गेले, रडका आवाज लपवायला गार पाणी पीत पीत. आणि ह्यांना एक मिस्ड कॉल जड झाला! पैसे पडत नाहीत, बोलावं लागत नाही, नुसतं बोट दाबायचं. कळलं मला माझं मोल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल लागला. ट्रान्समीटर बंद होणार. मुझम्मिलभाईंनी ‘दिवाली तक तो चलने दो’ म्हणून दोन आठवडे मागून घेतले. सतराला, वसुबारसेला, शेवटचा कार्यक्रम. ते टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “खलास, मैडम.” एकोणतीस वर्षं काढलीत त्यांनी त्या दोन खोल्यांत. त्यांचं काय, हे विचारायचं मला घरी आल्यावर सुचलं. माझाच राग मला पुरेनासा झालाय.

आणि आज दाजींची कमाल! नेहमीसारखा पहिला फोन, सगळं यथासांग. “ताई, आम्ही मिस्कॉल दिला हां!”

मी म्हटलं, “पोचला. एक.”

तर वर अभिमानाने म्हणतात, “हां ताई, एकच दिला!”

हद्द झाली! अडतीस माणसांच्या कॅम्पातून एक, आणि तो सांगताना छाती फुगलेली! मी म्हटलं, आज वेळ कमी आहे दाजी, नावं राहू देत. ते म्हणाले, “बरां बरां ताई. पुढच्या येळी.” नावं माझ्या तोंडून ऐकायला हवीत, बोट मात्र हलवायचं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दाजींचा फोन आला, मी घेतला नाही. जुन्या रेकॉर्डिंगवर भागवलं. कार्यक्रम बंद होणार हेही अजून सांगितलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल. कोणाला फरक पडणार आहे!

शरच्चंद्र म्हणतात, एकदा विचारून तरी बघ त्यांना. मी म्हटलं, काय विचारू? का नाही केलात म्हणून? तेवढं माझ्याच्याने व्हायचं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

झालं एकदाचं.

रात्रभर एक सुंदर निरोपाचं भाषण मनात घोळवलं होतं. माइकसमोर बसले आणि ते तोंडून येईना. आलं ते असं, जसंच्या तसं लिहिते: ‘हा खुशालीचा शेवटचा कार्यक्रम. बारा वाजता हे स्टेशन मीडियम वेव्हवरून कायमचं जाईल. माझ्या अकरा श्रोत्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. अकरांहून अधिक कोणी ऐकत असेल असं मला वाटायचं, तो माझा गैरसमज होता. नमस्कार.’

फोनच्या लाइन उघडल्याच नाहीत. सनई लावली आणि उठले. पंधरा मिनिटांतली नऊ मी न वापरता परत केली. घ्या म्हणावं, ॲपमध्ये घाला.

मुझम्मिलभाईंनी बाराला स्वतःच्या हाताने स्विच खाली केला. ते ट्रान्समीटरच्या दिव्यांकडे बघत होते. मी अंड्यांच्या ट्रेकडे. फोनवरचा लाल दिवा मघापासून लुकलुकत होता. लुकलुकू दे म्हटलं.

शरच्चंद्रांनी गाडीत ऐकलं होतं. माहूजच्या सिग्नलला म्हणाले, “नीला, जरा जास्तच झालं.”

मी म्हटलं, गाडी चालवा.

१९ ऑक्टोबर, रविवार

चिवडा करपला. त्याचा रेडिओशी काही संबंध नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दहाला सवयीने रेडिओ लावला. खरखर. पंधरा मिनिटं तीच ऐकली, मग बंद केला. शरच्चंद्रांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली की माणसाला कधी डोकं वर काढू नये ते कळतं.

कुणी विचारायला आलं नाही. आठवड्यात एकही नाही! अर्थात, माझा घरचा पत्ता त्यांना देऊन ठेवायला मी कधी गेले होते म्हणा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी बेल वाजली. दारात एक बुटका, इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा, हातात स्टीलचा डबा. बावीस वर्षांत चेहरा पाहिला नव्हता, पण “ताई” म्हणाला आणि कळलं. दाजी! पत्ता मुझम्मिलभाईंनी दिला.

आत येईनात. चप्पल काढून उंबऱ्याशीच उभे. “ताई, आमचा काय चुकला काय?”

मी म्हटलं, “तुमचं काय चुकणार?”

“नाय, फोन उचललात नाय म्हणून. मिस्कॉल तर आम्ही तुम्ही बोललात तसाच दिला. आमच्या कॅम्पातून एकच. मेसवरचा पोरगा कैलास द्यायला बसला होता, मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. जिदहफ्सचा तो गॅरेजवाला संदेश दोघांना द्यायला सांगत होता, त्याला दटावला. बोललो, ताई काय बोलल्या? नेहमीच्या शिस्तीत! धाही कॅम्पांना मी सोताहून सांगितला. धाच्या वर एक जाऊ दिला नाय, ताई.”

मी त्यांच्या हातातला डबा घेतला.

“एक इचारू काय? ते अकराजन कोन हो, ज्यांना शुभेच्छा दिल्यात? पोरं इचारतात. आपल्यातला कोन हाय काय त्यात?”

काय सांगू त्यांना! मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांची माफी मागायची तर ती मागायला एकच जागा होती, आणि ती मी नऊ मिनिटं शिल्लक असताना सोडून उठले. दाजींचा हात धरून त्यांना आत आणलं, स्वयंपाकघरात बसवलं, आणि एकट्या त्यांनाच सगळं खरं सांगितलं. दोनशेचा आकडाही. ते डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाले, “आधी बोलायचात ना, ताई.”

मग खिशातून घडी घातलेले कागद काढले. दहाही कॅम्पांची नावं, वसुबारसेला फोनवर सांगायला एकत्र लिहून ठेवलेली. तीनशे सव्वीस. मी तिथेच मोठ्याने वाचायला घेतली. शरच्चंद्र दारात येऊन उभे राहिले. मध्ये दोनदा दाजींनी पाणी पुढे केलं. शेवटचं नाव वाचून कागद खाली ठेवला.

दाजी म्हणाले, “समस्त मंडळी ऱ्हायला, ताई.”