तिसरी खोली

प्रिय बुटके,

माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झालीस तरी पत्रात तू बुटकीच राहणार, त्याला इलाज नाही. पत्र पाहून आधी हबकशील. रोज सकाळी फोन होतो आणि तरी हा माणूस पाकिटाला गोंद लावत बसला, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना, असं तुझ्या मनात येईल. आहे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्धं होतं न होतं तोच "बाबा, ते मी बघते" म्हणून मोकळी होतेस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. सध्या एवढंच कारण समज.

मी बरा आहे. लॉजची खोली स्वच्छ आहे, फक्त पंखा चालू केला की किल्ली लटकवायचा खिळा हलतो. मॅनेजर मला "आजोबा, अजून नाही मिळालं घर?" असं रोज विचारतो. आज बारावा दिवस, त्यामुळे त्याला माझी दया यायला लागली आहे. तुझ्या जुन्या नोकरीची नोटीस संपायची आहे, माझ्या नातीची, भिंगरीची परीक्षा व्हायची आहे, म्हणून तू मला पुढे पाठवलंस. नव्या गावात मुलीच्या नव्या नोकरीसाठी घर शोधायला निघालेला म्हातारा! निघताना काय ऐट होती माझी. जोडे पॉलिश केले होते मी.

तुझी यादी खिशात ठेवून ठेवून तिच्या घड्या फाटल्या आहेत. तीन उपनगरं, आणि खाली तुझ्या अटी. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर हवी. आणि तीन खोल्या हव्यात. त्याच्यापुढे कंसात "तिसरी बाबांची" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेस. पेन इतकं दाबलंस की मागच्या बाजूनेही त्या हाताला लागतात.

एजंट मिळाला तो तोंडाने भलताच गोड. त्याला सगळं पाच मिनिटांवर दिसतं. शाळा पाच मिनिटं, बाजार पाच मिनिटं, तुझं हॉस्पिटल "असं समजा, पाच-दहा." मी त्याला सांगितलं की बाबा रे, मी एकतीस वर्षं बस कंपनीच्या वेळापत्रक खात्यात काढली, मला मिनिटं शिकवू नकोस. तर म्हणाला, "काका, मग तुम्हाला तर कळेलच." आणि पुन्हा पाच मिनिटं सुरू. पहिलं उपनगर त्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं. इमारती नव्या, लिफ्टला आरसा, पण भाडं ऐकून मी जिन्यानेच खाली उतरलो. दुसरं स्वस्त होतं. तिथे मागे कापड रंगवायचा कारखाना आहे. घरमालकीण म्हणाली, "वास दोन दिवसांत कळेनासा होतो." तेच मला पटेना. भिंगरीला तो वास कळेनासा झालेला मला नको होता.

तिसरं म्हणजे बसचं शेवटचं ठिकाण, तू फोटोत पाहून ज्याच्या प्रेमात पडलीस ते. खोटं कशाला बोलू, मीही पडलो. तीन खोल्या, तिन्हींना खिडक्या. भाडं तुझ्या अटीत चपखल. शाळा खरोखर समोर. तिसऱ्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसतं, तिथे बाया सकाळी चालायला येतात. मी खाट कुठे लावायची, रेडिओ कुठे ठेवायचा, सगळं उभ्या उभ्या ठरवून टाकलं. एजंटने ते ओळखलं. तो बोलायचा थांबला, हेच मोठं नवल.

त्या दिवशी रविवार होता. बसने मी पस्तीस मिनिटांत लॉजवर परत आलो. रात्री फोनवर तुला "बघतो, सांगतो" एवढंच म्हणालो आणि तू चिडलीस. "बाबा, तुम्ही उगाच कीस काढताय," म्हणालीस. त्यानंतर मी काय केलं ते तुला सांगितलं नाही. मंगळवारी पहाटेच्या बसने त्या उपनगरात गेलो आणि घराच्या फाटकापाशी उभा राहिलो. घड्याळ लावलं आणि तू निघशील तसा निघालो. सहा चाळीस. थांब्यावर पोचायला आठ मिनिटं. पहिली बस भरलेली, थांबलीच नाही. दुसरी थांबली, पण तिच्यात चौघंच चढली. तिसरीत मला एका पोराने आत ओढून घेतलं. पुढे चौकात उतरून दुसरी बस, तिची वाट पाहणं, आणि मग चालणं. हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तुझी लॅब आठला उघडते. संध्याकाळी पाचला त्याच दारातून उलटा निघालो. फाटकापाशी पोचलो तेव्हा सात वाजून वीस मिनिटं. बुधवारी पुन्हा करून पाहिलं. सात दहा.

बुधवारी येताना माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती. डब्याची पिशवी मनगटात दोनदा गुंडाळलेली, झोपेत सुटू नये म्हणून. डोकं खिडकीच्या दांडीवर आपटत होतं, पण तिला जाग येत नव्हती. तिला उतरायचं होतं त्या थांब्यावर मात्र कोणी न उठवता उठली आणि उतरली. मी शेवटच्या ठिकाणी पोचलो तरी बसूनच राहिलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, संपली गाडी."

आता जे लिहायचं आहे त्यासाठी चार दिवस कागद खराब केले. तू सहा वर्षांची असताना आपण ते गावाबाहेरचं घर घेतलं. त्याच्याआधी तुझ्या आईने एक घर पाहून ठेवलं होतं, तिच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या दुकानावर. दोन खोल्या. मला म्हणाली, "आपण इथे राहू या. सासूबाईंना आत झोपवू, आपण तिघं बाहेर." मी म्हटलं, माझ्या आईला स्वतःची खोली पाहिजे. खुद्द आजी म्हणत होती, "अरे, एकटी खोलीत बसून मी काय करू? मला माणसं दिसली की पुरे." पण मला मोठा मुलगा म्हणून मिरवायचं होतं. लांबचं घर स्वस्त होतं, तीन खोल्यांचं होतं. आणि लांब कुठे? वेळापत्रकात पंचावन्न मिनिटं होती. ते वेळापत्रक मी स्वतःच्या हाताने केलेलं! बुटके, वेळापत्रकात बस सुटल्यापासून पोचेपर्यंतचीच मिनिटं असतात. थांब्यावर उभं राहण्याची नसतात. खात्यातला शिपाईसुद्धा हे सांगू शकला असता. मी माझ्याच कागदावर भाळलो.

आजी त्या खोलीत अकरा महिने राहिली. ती गेल्यावर आपण तिथून हलायला हवं होतं. तुझी आई एकदा म्हणाली, एकदाच. मी म्हटलं, आता एवढी खोली आहे तर बुटकीला अभ्यासाला होईल. तू त्या खोलीत अभ्यास करत असायचीस आणि आई येईपर्यंत वहीवर गाल टेकून झोपलेली असायचीस. ती तुझी वेणी सोडायची आणि तुला जाग येऊ नये म्हणून श्वास धरून बसायची. तुमचं बोलणं व्हायचं ते रविवारी.

आणि हे तुला माहीत नाही. कारखाना साडेपाचला सुटायचा. हजेरीचं कार्ड लावायची रांग धरून थांब्यावर यायला बारा-तेरा मिनिटं लागायची. आपल्याकडे येणारी थेट बस पाच पस्तीसला निघून जायची, पुढची सहा पंचवीसला. त्या कारखान्यातल्या चाळीसेक बाया रोज त्या थांब्यावर उभ्या असायच्या. तुझ्या आईने एका रविवारी तांदूळ निवडता निवडता मला विचारलं, "ती पाच पस्तीसची दहा मिनिटं पुढे ढकलता येईल का हो?" येत होती. ड्रायव्हरच्या पाळीचा एक तक्ता बदलायचा, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, खात्यात लोक म्हणतील, याने बायकोसाठी बस थांबवली. ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा ताटात बोटं फिरवायला लागली. सबंध आयुष्यात तिने माझ्याकडे तो विषय परत काढला नाही. एकोणीस वर्षं ती थांब्यावर उभी राहिली आणि मी खात्यात सचोटीचा माणूस म्हणून ओळखला गेलो.

छातीतली गाठ तिच्या हाताला लागली तेव्हा तू नोकरीसाठी बाहेर होतीस. आपल्या कोपऱ्यावरचा दवाखाना साडेसातला बंद व्हायचा. सहा पंचवीसची बस गर्दीत रखडत यायची, ती पावणेआठला पोचायची. रविवारी तो बंद. रजा घेतली की दिवस कापला जायचा, तर म्हणायची, पुढच्या आठवड्यात घेते. मी म्हणायचो, घे बाई, टाळू नकोस. एवढं म्हटलं की माझं कर्तव्य झालं असं मला वाटायचं. सात महिने गेले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "माझंच दुर्लक्ष झालं."

ते वाक्य तू उचललंस. दर वर्षी तिच्या दिवशी तू म्हणतेस, आईने स्वतःकडे कधी लक्ष दिलं नाही, मला तिचा राग येतो. तेरा वर्षं मी समोर बसून ते ऐकतो आणि मान हलवतो. एवढा भित्रा आहे तुझा बाप. तिचं दुर्लक्ष नव्हतं गं. ती रोज दवाखान्याच्या बंद दारावरून घरी यायची. राग करायचाच असेल तर माझा कर, तिला आता सोड.

ती गेल्यावर पुढच्या तिमाहीला मी ती बस पाच पंचेचाळीसची केली. साहेबांनी न वाचता सही केली. खात्यात कोणी चकार शब्द काढला नाही. महिन्याभराने कारखान्यातल्या दोघी जणी कार्यालयात आल्या, आभार मानायला. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं. मी त्यांना बसा म्हणालो आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

तर आता घराचं. तुझ्या यादीत नसलेलं एक ठिकाण मी गुरुवारी पाहिलं. हॉस्पिटलच्या मागे जुनी वस्ती आहे, छापखान्यांची. गाद्या भरणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या. भाडं त्या लांबच्या घराइतकंच, कारण जागा निम्मी. भिंतींना रंग हवा आहे, मोरीचं दार नीट लागत नाही, ते मी सुताराकडून करून घेतो आहे. घरमालकीण निवृत्त शिक्षिका आहेत, आवाज अजून वर्गातला. मला म्हणाल्या, "मुलगी एकटी राहते म्हणून वेगळं काही विचारणार नाही मी, भाडं वेळेवर द्या म्हणजे झालं." शाळा दोन गल्ल्या सोडून. खालच्या डॉक्टरीणबाई साडेनऊपर्यंत बसतात, मी दोन दिवस जाऊन पाहिलं. घरापासून लॅबच्या दारापर्यंत चालत अकरा मिनिटं लागतात. माझ्या पायांनी अकरा, तुझ्या पायांनी आठ.

काल मी त्या घराचं आगाऊ भाडं दिलं आणि लांबच्या घराला नकार कळवला. तू मोजशील, तुझी एक खोली, भिंगरीचा अभ्यास नि स्वयंपाक दुसरीत, आणि मग दोन रेघा मारलेली ओळ आठवून फोन उचलशील. म्हणूनच हे पत्र. मी तुमच्याबरोबर येत नाही, बुटके. आपलं जुनं घर आत्याकडे आहे, ती तिथे एकटीच असते, येत्या शुक्रवारी मी तिच्याकडे जातो. तिला कळवलं आहे, ती आजीची खोली झाडून ठेवते म्हणाली. मला यायचं नव्हतं असं मात्र समजू नकोस. मला फार यायचं होतं. पाच वर्षं तुझ्या घरी राहिलो, भिंगरीच्या बडबडीशिवाय सकाळ कशी होते हे मी विसरलोय. पण माझ्या खोलीसाठी तू रोज चार तास रस्त्यावर काढणार, भिंगरी वहीवर झोपून जाणार, आणि मी खिडकीत बसून मैदान बघणार, हे मला दुसऱ्यांदा जमणार नाही. मला न्यायला येऊ नकोस. नव्या नोकरीत रजा मागू नकोस. साडेपाचच्या आत घरी पोचशील, तेव्हा भिंगरी जागी असेल, आणि दिवसभराचं सगळं एका दमात सांगायला लागेल. तिचं संपेपर्यंत मला फोन करू नकोस.

तुझाच, फार उशिरा शहाणा झालेला,
बाबा