आईने धुतलेल्या गोळ्या

गिरगाव, जानेवारी १९५८

तीर्थरूप मामांस,

श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. वाईच्या थंडीतही तुमचा दमा आटोक्यात आहे हे कळून बरं वाटलं. इकडे आई आणि तुमची सूनबाई नलू ठीक. कमलाकांत खाटेवर आहे आणि मी अजून हादरलेलाच आहे, तेव्हा अक्षराला हसू नये.

तुमच्या धाकट्या भाच्याचं दुखणं आम्हांला वर्षभर दुखणं वाटलंच नाही. दिल्लीवाले मुंबई हिसकावायचे बेत करताहेत आणि ते भिंतीतून ऐकू येतात, असं तो म्हणे. (अर्धं गिरगाव तेच म्हणत होतं, भिंत सोडून.) हात धुऊन धुऊन कातडं सोललं तेव्हा तर आई धन्य झाली, एका तरी मुलाला सोवळं कळलं! शेवटी रक्त आलं तेव्हा परळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आवाजांवर गोळी दिली. उपयोग शून्य. डोस वाढवला. शून्य. मग हात धुण्याची तगमग शमावी म्हणून जोडीला सर्पगंधेची गोळी दिली आणि दोन्ही एकत्र देताना जपा, रक्तदाब एकदम उतरतो, असं बजावलं. आम्ही जपलं. भिंत बोलतच राहिली.

परवा आई आमच्या बहिणीच्या, दुर्गाच्या, बाळंतपणाला दादरला गेली. नलूने दोन्ही गोळ्या दिल्या. थोड्या वेळाने कमलाकांत पाणी प्यायला उठला आणि उभाच्या उभा कोसळला. पांढराफटक, नाडी लागेना. (मामा, मी नास्तिक, पण तेवढ्यात तुमच्या सगळ्या देवांना नावानिशी हाका मारल्या.) डॉक्टरांनी शुद्धीवर आणून विचारलं, "रोजच्याच गोळ्या ना?"

"रोजच्याच," नलू म्हणाली. "फक्त आज धुतल्या नाहीत."

डॉक्टरांनी तिला खोदून खोदून विचारलं. मग उलगडलं. कुठल्या हातांनी वळल्या कोण जाणे, म्हणून आई प्रत्येक गोळी गंगाजळात भिजत घाली, उरेल तो गाळ कमलाकांतला देई आणि पाणी तुळशीला. (मी त्याच दोन खोल्यांत राहतो!)

"मग इतके महिने मी औषध देत होतो कुणाला?"

"तुळशीला," खाटेवरून कमलाकांत म्हणाला. "घरात तेवढी तीच शांत आहे."

आता डोस पहिल्यापासून, थोडा थोडा करत ठरवायचाय. पण बातमी कळताच आई परतलीय, आणि न धुतलेली गोळी या घरात चालायची नाही म्हणून अडून बसलीय.

तुमचा भाचा,
श्यामकांत

ता. क. : डॉक्टरांचं ती ऐकत नाही, माझं तर कधीच नाही. थोरल्या भावाचा, त्यातून शास्त्र्याचा, शब्द मात्र मोडणार नाही. औषध मुळातच शुद्ध, ते धुणं हाच दोष, असं एक कार्ड आईच्या नावे धाडा. पोथीत आधार नसला तर रचा; मी बोलणार नाही.

आणखी एक : हे कमलाकांतने वाचलं. तो म्हणतो, कार्डावर जागा उरली तर मामांना माझ्यासाठीही एक ओळ लिहायला सांग, की हात एकदा धुतले म्हणजे धुतले. डॉक्टर म्हणतात ते मला पटतं रे, हातांना पटत नाही. मामांचं कदाचित ऐकतील.