चेअरमन वगळून बाकी सगळ्यांना

मी, श्रीमती हिरा हरिश्चंद्र नागवेकर, वय वर्षे बहात्तर, धंदा मासेविक्री (गुडघ्यांमुळे तीन वर्षे बंद), राहणार मांडवी, रत्नागिरी, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोडीगुलाबीने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. अजिंक्य लिमये यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दर्यासागर फुटबॉल क्लबचे चेअरमन वर्षभर गावात सांगत फिरत आहेत की म्हातारीला भ्रम झाला आहे. म्हणून दाखल्याच्या दोन प्रती जास्त काढल्या आहेत. त्यातली एक चेअरमनच्या घरी पोचती करावी.

मी सातवी शिकले. मजकूर मी सांगितला आणि वकील गुरुप्रसाद शेट्ये यांनी लिहिला. त्यांनी जिथे "सदरहू इसम" असे घातले, तिथे मी काशीरामचे नाव घालायला लावले. चौदा वर्षे ज्याने क्लबची वाट लावली, त्याला कागदात लपायला जागा देऊ नये.

कलम १. सन २०११ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द झाले असे समजावे. त्यात मी क्लबच्या मैदानालगतची, समुद्राकडची साडेतीन गुंठे जागा माझा धाकटा भाऊ काशीराम भिकाजी भाटकर याला लिहून दिली होती. तेव्हा तो नुकताच चेअरमन झाला होता, आणि भाऊ मोठा झाला म्हणून मी वाडीत पेढे वाटत फिरत होते. ती माझी चूक होती. डॉक्टर म्हणतात माझ्या हृदयाची झडप कुरकुरते आहे. आज हा कागद झाला नाही आणि उद्या मी गेले, तर जुना कागद खरा ठरेल आणि मैदान संपेल. एवढ्यासाठीच ही घाई आहे.

कलम २. राहते घर, परसातले दोन माड आणि विहिरीतला हिस्सा माझा मुलगा रूपेश आणि सून योगिनी यांना समान मिळावा. रूपेश जहाजावर असतो. या मृत्युपत्राचे कळल्यावर त्याने जहाजावरून फोन केला आणि म्हणाला, "आये, मामाला का दुखवतेस? घरचं मानूस हाय." मी म्हटले, "घरचं हाय म्हनूनच. परक्याला मी कशाला सुधारायला जाऊ?" त्यावर रेंज गेली असे त्याने सांगितले. योगिनी मात्र पहिल्या मोर्चापासून माझ्याबरोबर आहे आणि घोषणा तीच रचते. म्हणून दागिने सगळे तिचे. पोस्टातली ठेवही तिच्याच नावे आहे, त्यावर इतर कोणी हक्क सांगू नये.

कलम ३. माझी पाटी, विळी, तराजू आणि बाजारातली बसायची जागा शेजारच्या यमुनाबाईंना द्यावी. मच्छीबंदीत त्यांचा शब्द एकदाही ढळला नाही.

मच्छीबंदीचा खुलासा इथे करणे भाग आहे. काशीरामने पहिल्यांदा क्लबची निळी जर्सी काढून टाकली आणि नवीन जर्सीवर पाठीमागे स्वतःचा फोटो छापला. पळणाऱ्या अकरा पोरांच्या पाठीवर अकरा काशीराम हसत होते. लोकांनी ते सोसले. मग मध्यंतरात माइकवरून त्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचल्या जाऊ लागल्या, आणि आमचे मध्यंतर पंचवीस मिनिटांचे झाले. तेही सोसले. मग त्याने मुलींचा संघ बंद केला. कारण विचारले तर म्हणाला, मुली पडतात. मुलगे काय तरंगतात? त्यानंतर गेल्या वर्षी त्याने जाहीर केले की मैदानावर लग्नाचा हॉल, पुढे हिरवळ आणि गाड्यांचा तळ होणार, आणि फुटबॉल "सोयीनुसार अन्यत्र" खेळवला जाईल. त्या दिवशी वाडी उठली.

आमचे पहिले आंदोलन फसले हे कबूल करते. सामना सुरू झाला की सगळ्यांनी चेअरमनच्या मंडपाकडे पाठ करून बसायचे असे ठरले होते. पण मंडप मैदानाच्या पलीकडे, त्याच्याकडे पाठ म्हणजे मैदानाकडेही पाठ, हे कोणी ध्यानात घेतले नाही. शेदीडशे माणसे समुद्राकडे तोंड करून बसली आणि वर्षातला आमचा एकुलता एक गोल कोणीच पाहिला नाही. तो एकट्या काशीरामने पाहिला, आणि अजून सांगतो की फार सुंदर होता.

मग मी बाजारात सांगितले की चेअरमनच्या घरी कोणी मासळी विकायची नाही. त्याने मिरकरवाड्याच्या बंदरावर माणूस पाठवला, तो रिकाम्या पिशवीने परतला. लांज्याच्या बाजारात गेला, तिथेही कोणी दाद दिली नाही. शेवटी स्वतः गाडी काढून पार बुरोंडीला गेला, पण आमचा फोन आधीच पोचला होता. एकेचाळीस दिवस मांडवीच्या चेअरमनने पडवळ खाल्ले. या काळात त्याचे वजन कमी झाले आणि साखरही, याबद्दल त्याने आमचे आभार मानायला हवे होते.

कलम ४. माझी वेताची काठी आणि चांगली छत्री रावजी मयेकर यांना द्यावी. रावजी ऐंशीचे आहेत आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी गोलपोस्टापाशी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे तेच घालतात. यंदा त्यांना शब्द आठवेनात. बायकांनी गाऱ्हाणे घालायचे नाही अशी वाडीची रीत आहे. पण मागे उभे राहून शब्द पुरवायचे नाहीत अशी कोणतीही रीत नाही. मी सांगत गेले आणि रावजी खड्या आवाजात म्हणत गेले.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरं ह्या मैदानात जमली हायेत, त्यांचे हातपाय शाबूत ठेव."

"होय म्हाराजा!"

"कुनाची नजर लागली आसंल ती काढून टाक."

"होय म्हाराजा!"

"आनि जो कोन चौदा वर्सं पद सोडीत नाय, त्याला ह्याच हंगामात सुखरूप घरी बसव!"

"होय म्हाराजा!"

या तिसऱ्या वेळी सर्वांत मोठा आवाज काशीरामचा होता. डोक्यावर टोपी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणे थांबले की तोंडातून होकार निघतोच. डोळे उघडले तेव्हा सगळे मैदान त्याच्याकडे बघत होते. पोरांनी फोनवर ते सगळे घेतले आहे.

आता देवापुढे होय म्हटलेले मोडायचे कसे? काशीराम कौल लावायला गेला. देवाला फूल लावून विचारले, "मी पदावर राहू का?" फूल डावीकडे पडले, म्हणजे नाही. आठवड्याने परत गेला, परत डावे. तिसऱ्या खेपेस त्याने प्रश्नच फिरवला, "देवा, मी पद सोडू का?" फूल आपले डावीकडेच पडले. तो बाहेर येऊन म्हणाला, देवच मला सोडत नाही. गुरवाने मला नंतर सांगितले की उजवीकडून पंख्याचा वारा येतो.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. मांडवी येथील साडेतीन गुंठे, माझ्या मासळीच्या धंद्यातून घेतलेली, सर्वस्वी माझी. चतुःसीमा : पूर्वेस दर्यासागर क्लबचे मैदान, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस डांबरी रस्ता, उत्तरेस रावजींची माडाची बाग. समुद्राकडचा गोलपोस्ट या जागेत उभा आहे आणि रस्त्यावरून मैदानात शिरायची वाटही इथूनच जाते. कागद न करता, नुसत्या शब्दावर, सदतीस वर्षे मी ती क्लबला वापरू दिली. ही जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती मैदान.

ही जागा मी माझी नात दिशा रूपेश नागवेकर हिला देत आहे. ती बंद केलेल्या मुलींच्या संघाची कप्तान आहे. तिने ही जागा तिच्या हयातीत विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, आणि तिथला गोलपोस्ट हलवायचा नाही. मुलींचा संघ पुन्हा सुरू होईपर्यंत त्या गोलवर मुलग्यांनी फुकट खेळायचे की नाही, हे तिने ठरवायचे. ती माझ्यावर गेली असेल तर फुकट खेळू देणार नाही.

कलम ६. माझा भाऊ काशीराम याला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. विळीसुद्धा नाही, छत्रीसुद्धा नाही. वकील म्हणाले, "मावशी, न देण्याचं कारण लिहिलंत तर पुढे भांडण होणार नाही." म्हणून कारण लिहिते, पण ते सरळ येईल याची खात्री नाही.

आमची आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि काशीराम चार. बाबा होडीवर असत. त्याला भरवले, न्हाऊ घातले, शाळेत नेऊन सोडले ते मी. लग्न ठरले तेव्हा मी हरिश्चंद्राला सांगितले की मी येईन ती भावाला घेऊन. तो भला माणूस, हो म्हणाला. काशीरामला पहिले बूट मी घेऊन दिले. तो गोलकीपर झाला, आणि भावाची म्हणून लपवणार नाही, वाईट गोलकीपर झाला. पण एकदा लांज्याच्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला त्याने पेनल्टी अडवली. चिखलातून उठला तो थेट बायकांमध्ये माझ्यापाशी धावत आला आणि म्हणाला, "बाय, बगितलंस?" मी बघितले होते. मी त्या दिवशी रडले, तेवढी लग्नातही रडले नव्हते. हाच गोलपोस्ट होता तो. ही जागा मी पुढच्याच वर्षी विकत घेतली, कारण मालक तिथे माडाची रोपे लावणार होता.

तर मला राग येतो तो याचा की जिथे तो चांगला होता ती एकच जागा, आणि तीच तो लग्नाच्या जेवणावळींना द्यायला निघाला. खुर्चीवर बसून माणूस इतका विसरतो का?

आणखी एक लिहायचे आहे. मृत्युपत्रात खोटे ठेवून जायचे नाही. मच्छीबंदीच्या तेविसाव्या दिवशी काशीरामचा वाढदिवस होता. बंदी मीच पुकारलेली. तरी मी बांगड्याचे तिखले केले आणि दिशाच्या हाती मागच्या दाराने डबा पाठवला. दिशाने दारातच त्याला सुनावले, "आजोबा, ह्ये आजीनं दिलंय. मी नसतं दिलं." त्याने डबा घेतला. संध्याकाळी डबा घासून परत आला. यमुनाबाई, मला माफ करा, तुम्ही तेव्हा काशीरामच्या मुनिमाला, म्हणजे तुमच्या सख्ख्या चुलतभावाला, हात हलवत परत पाठवत होता. पाटी आणि विळी तुमचीच आहे.

कलम ७. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर क्लबचा माइक वापरू नये, तो मध्येच शुभेच्छा वाचायला लागतो.

कलम ८. साक्षीदार. वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. पहिले साक्षीदार डॉक्टर आहेत. दुसऱ्यासाठी अडचण आली, कारण वाडीत ज्याच्यावर माझा विश्वास आहे त्याला मी काही ना काही दिले आहे. ज्याला काहीच मिळत नाही असा माझ्या ओळखीचा एकच माणूस उरतो. त्याला आज सकाळी दहा वाजता वकिलांच्या कचेरीत बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, नुसती सही पुरते, असे वकील म्हणाले. मी म्हटले, वाचून दाखवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि सहाव्या कलमाशी घाई करू नका.

येणेप्रमाणे हा लेख मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, आणि साक्षीदारांच्या समक्ष मी खाली सही केली आहे.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १४ डिसेंबर २०२५, रविवार

लिहून ठेवणार : हिरा हरिश्चंद्र नागवेकर (सही)

साक्षीदार :

१. डॉ. अजिंक्य लिमये (सही)
व्यवसाय : वैद्यकीय. राहणार रत्नागिरी.

२. काशीराम भिकाजी भाटकर (सही)
व्यवसाय : माजी चेअरमन, दर्यासागर फुटबॉल क्लब. राहणार मांडवी.

टीप : साक्षीदार क्रमांक दोनच्या व्यवसायाच्या रकान्यात "चेअरमन" असे आधी टाइप केलेले होते. त्या शब्दाच्या अलीकडे "माजी" हा शब्द साक्षीदाराने स्वतःच्या पेनाने, कोणी न सांगता वाढवला आहे. हा बदल आमच्या समक्ष झाला असून त्यावर लिहून ठेवणार आणि साक्षीदार या दोघांनी सही केली आहे.

गुरुप्रसाद शेट्ये, वकील (सही)